फोर्स-लॉगिन लावलं आणि चार टेस्ट पडल्या. दोष कुणाचा?

शेवटची_ओळ

नमस्कार मंडळी. मोबाइलवरून लिहितेय आणि कीबोर्ड मराठी आहे, त्यामुळे फंक्शनांची नावंसुद्धा देवनागरीतच येतील. सांभाळून घ्या.

आमचं रजेच्या अर्जांचं एक अंतर्गत ॲप आहे. जँगो ५.१ (पायथॉनचं वेब-फ्रेमवर्क), साधी टेम्पलेट्स, चिमूटभर जावास्क्रिप्ट. कर्मचारी अर्ज करतो, टीमचा मॅनेजर मंजूर करतो, एचआरला सगळं दिसतं. एकूण ६१२ टेस्ट आहेत. मी आले तेव्हा दोनशेच्या आत होत्या, म्हणून वेळेकडे कुणी बघत नव्हतं. आता सूट संपायला १४ मिनिटं लागतात. लोक पुश करतात आणि उठून जातात, आणि परत येईपर्यंत आपण काय बदललं होतं तेच विसरलेले असतात. मीही त्यातलीच.

मागच्या आठवड्यात वेळ कुठे जातो ते मोजायला बसले. मला वाटलं होतं डेटाबेस. निघाला पासवर्ड. जवळजवळ प्रत्येक टेस्टच्या सेटअपमध्ये ‘क्रिएट_युजर’ने युजर तयार होतो, तिथे एकदा हॅश, म्हणजे साठवण्याआधी पासवर्डचं उलट न फिरवता येणाऱ्या अक्षरांत रूपांतर. लगेच खाली ‘क्लायंट.लॉगिन’, तिथे तोच पासवर्ड तपासायला पुन्हा तेवढाच हॅश. जँगो ५.१ मध्ये पीबीकेडीएफ२ या हॅशच्या पद्धतीच्या ८,७०,००० फेऱ्या होतात. माझ्या लॅपटॉपवर एका हॅशला साधारण ०.४ सेकंद. म्हणजे १४ मिनिटांतली आठेक मिनिटं आम्ही एकच पासवर्ड दळत बसलेलो असतो, आणि तो पासवर्ड आहे ‘गुपित१२३’.

मग सगळीकडे ‘क्लायंट.लॉगिन’ काढून ‘क्लायंट.फोर्स_लॉगिन’ टाकलं, ते पासवर्ड न तपासताच युजरला आत सोडतं. १४ ची १० मिनिटं झाली. मी खूश. पण चार टेस्ट लाल झाल्या. चारही एकाच फाइलमधल्या, अर्जाला जोडपत्र लावायच्या पानाच्या. कालपर्यंत हिरव्यागार होत्या. एरर चौघींचा एकच: ‘नन-टाइप’ ऑब्जेक्टला ‘नाव’ हा ॲट्रिब्यूट नाही.

आमचे टीम लीड म्हणाले, “म्हणूनच मी शॉर्टकटच्या विरोधात असतो. खरा युजर पासवर्ड टाकून येतो, तुझा मागच्या दाराने घुसतो. मग अर्धवट युजर मिळणारच. परत फिरव.” माणूस चांगला आहे, त्यांच्याकडून पुष्कळ शिकलेय, पण हे ‘अर्धवट युजर’ मला पटेना. आणि पटत नाही हे सांगायला हातात पुरावाही नाही.

तर प्रश्न असा, की फोर्स-लॉगिन ही खरंच फसवणूक आहे का? आणि या चार टेस्ट का पडल्या असतील?

जाता जाता अजून एक दुखणं. ब्राउझरच्या १८ टेस्ट प्लेराइटमध्ये (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) आहेत, त्या वेगळ्या टेस्ट सर्व्हरवर चालतात. एकदाच लॉगिन करून स्टोरेज-स्टेट फाइलमध्ये ठेवतो आणि सगळ्या टेस्ट तीच फाइल वापरतात. तीन वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणारे प्रोसेस) लावले की अधूनमधून पाच-सहा टेस्ट एकदम लॉगिनच्या पानावर फेकल्या जातात. एकच वर्कर ठेवला की सगळ्या पास. लीडचा निदान-मंत्र: “सर्व्हर हळू आहे.”

---

टेस्ट_आजोबा

तुमच्या लीडना एक विचारा: ‘क्लायंट.लॉगिन’ कुठल्या दाराने येतं?

बहुतेकांचा समज असतो की ते लॉगिनचं पान उघडतं, फॉर्म भरतं, बटण दाबतं. तसलं काहीही होत नाही. ते थेट ‘ऑथेंटिकेट’ला हाक मारतं, युजर मिळाला तर सेशन (‘हा आत आलाय’ अशी सर्व्हरवरची नोंद) बनवतं आणि कुकी क्लायंटच्या खिशात टाकतं. तुमचा लॉगिनचा व्ह्यू (पान तयार करणारा कोड), त्याचा फॉर्म, त्यावरची कॅप्चा, पाच चुकांनंतर खातं बंद करायचा व्ह्यूमधला नियम, यांतल्या एकालाही धक्का लागत नाही. मिडलवेअरही (रिक्वेस्ट व्ह्यूपर्यंत पोचण्याआधीचे टप्पे) नाही. म्हणजे दोन्ही मागचीच दारं. एकाला कुलूप आहे, दुसऱ्याला नुसती कडी, एवढाच फरक. पुढे दोन्हीकडे तेच सेशन बनतं, ‘युजर_लॉग्ड_इन’ सिग्नलसुद्धा दोन्हीकडे जातो. अर्धवट युजर वगैरे काही नसतं.

एक फरक मात्र खरा आहे आणि लीडनी तो सांगितला असता तर मी मान डोलावली असती. फोर्स-लॉगिन निष्क्रिय केलेल्या युजरलाही सेशन देऊन टाकतं. त्यातही गंमत अशी की जँगोचं नेहमीचं मॉडेल-बॅकएंड (युजर ओळखणारा भाग) असेल तर पुढच्या रिक्वेस्टला सेशनमधून युजर परत आणताना ते पुन्हा ‘सक्रिय आहे का’ बघतं, आणि नसेल तर त्याला अनामिक करून सोडतं. त्यामुळे निलंबित माणूस आत दिसणार नाही. स्वतःचं बॅकएंड लिहिलं असेल आणि त्यात ही तपासणी राहिली असेल, तर दिसेल.

आता त्या चार टेस्ट. अंदाज बांधण्यापेक्षा सेटअप दाखवा. आणि एकाच टेस्टचा उरलेला भागही, शेवटच्या असर्टपर्यंत, म्हणजे निकाल तपासणाऱ्या ओळीपर्यंत. मला एक वास येतोय.

---

शेवटची_ओळ

आजोबा, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. हे घ्या, बदल करण्याच्या आधीचा कोड:

युजर = युजर.ऑब्जेक्ट्स.क्रिएट(युजरनेम='क', पासवर्ड='गुपित१२३')
सेल्फ.क्लायंट.लॉगिन(युजरनेम='क', पासवर्ड='गुपित१२३')

आणि टेस्ट:

उत्तर = सेल्फ.क्लायंट.गेट('/रजा/जोडपत्र/', फॉलो=ट्रू)
सेल्फ.असर्ट_इक्वल(उत्तर.स्टेटस_कोड, २००)

बाकीच्या तीन याच्याच बहिणी, फक्त पत्ता वेगळा.

---

टेस्ट_आजोबा

वास बरोबर होता.

पहिली ओळ पुन्हा वाच. ‘क्रिएट_युजर’ नाही, नुसतं ‘क्रिएट’. म्हणजे पासवर्डच्या रकान्यात हॅश गेलाच नाही, ‘गुपित१२३’ हीच अक्षरं जशीच्या तशी जाऊन बसली. दुसऱ्या ओळीत ‘लॉगिन’ने त्या अक्षरांना हॅश समजून ओळखायचा प्रयत्न केला, ओळख पटली नाही, आणि त्याने ‘फॉल्स’ परत दिलं. एक्सेप्शन नाही, ओरडा नाही. नुसतं ‘फॉल्स’, आणि ते तुमच्यापैकी कुणी हातातच घेतलं नाही.

म्हणजे युजर लॉगिन झालाच नव्हता. कधीच.

मग टेस्ट हिरवी कशी? ‘फॉलो=ट्रू’ बघ. अनोळखी माणसाने जोडपत्राचं पान मागितलं, सर्व्हरने ३०२ देऊन लॉगिनच्या पानाकडे पाठवलं, क्लायंट आज्ञाधारकपणे तिकडे गेला, आणि लॉगिनचं पान अगदी व्यवस्थित उघडलं. स्टेटस २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. असर्ट खूश, सीआय (पुश केलं की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) खूश, तुम्ही खूश. इतके दिवस त्या चार टेस्ट ‘लॉगिनचं पान उघडतं का’ एवढंच तपासत होत्या, तेही चार-चार वेळा.

तू फोर्स-लॉगिन लावलंस तेव्हा तो युजर पहिल्यांदाच आत गेला आणि जोडपत्राचा व्ह्यू पहिल्यांदाच चालला. आता जो एरर दिसतोय तो फोर्स-लॉगिनचा नाही, तुमच्या व्ह्यूचा आहे. टेस्टमधल्या ‘क’ला टीम दिलेली दिसत नाही. व्ह्यूमध्ये कुठेतरी ‘रिक्वेस्ट.युजर.टीम.नाव’ असणार. टीम रिकामी, म्हणून नन, म्हणून एरर. टेम्पलेटमध्ये असतं तर जँगोने गपचूप रिकामी जागा छापली असती.

खऱ्या आयुष्यात टीम नसलेला कर्मचारी तुमच्याकडे असतो का, ते तू बघ.

वेळेचं राहिलं. तुझी १० मिनिटं झाली, कारण ‘क्रिएट_युजर’चा हॅश अजून चालूच आहे. टेस्टच्या सेटिंगमध्ये, आणि फक्त टेस्टच्या, ‘पासवर्ड_हॅशर्स’ला एमडी५ वाला हॅशर दे. जँगोच्या कागदपत्रांतच हा उपाय सांगितलाय, चोरी नाही. आणि युजर बनवायचं काम ‘सेटअप’मधून ‘सेटअप_टेस्ट_डेटा’त ने, म्हणजे ते प्रत्येक टेस्टला न होता क्लासला एकदाच होईल.

---

नुसता_जावावाला

मी जँगोवाला नाही, पण आमच्याकडेही हेच नाटक वेगळ्या वेशात चालतं म्हणून लिहितो.

स्प्रिंग सिक्युरिटीत (जावामधलं लॉगिन-परवानग्यांचं फ्रेमवर्क) टेस्टच्या डोक्यावर ‘विथ-मॉक-युजर’ अशी चिठ्ठी चिकटवली की काम भागतं. काही न सांगता लावली तर युजरचं नाव ‘युजर’, रोल ‘रोल_युजर’. हा माणूस डेटाबेसमध्ये असायचीही गरज नसते. संपूर्ण काल्पनिक. रोल तपासायच्या टेस्टला झकास.

घोडं पेंड खातं ते पुढे. आमच्या कंट्रोलरला लॉगिन केलेला माणूस आमच्या स्वतःच्या क्लासचा हवा होता, कारण त्यातून कर्मचारी क्रमांक काढायचा होता. मॉक-युजर देतं स्प्रिंगचा स्वतःचा ‘युजर’. झालं, कास्ट करताना एक्सेप्शन. आता यावर आमच्या एका बहाद्दराने काय केलं असेल? कंट्रोलरमध्ये लिहिलं: आपल्या क्लासचा असेल तर क्रमांक काढा, नसेल तर क्रमांक शून्य धरा. टेस्ट पास व्हावी म्हणून खऱ्या कोडला खोटं बोलायला शिकवलं. पुढे शून्य क्रमांकाच्या नोंदी डेटाबेसात सापडायला लागल्या, तेव्हा कुठे लक्षात आलं.

तिथे ‘विथ-युजर-डिटेल्स’ वापरायला हवं होतं. ते तुमच्या स्वतःच्या सर्व्हिसमधून युजर आणतं, त्यामुळे माणूस तुमच्याच क्लासचा मिळतो. अट एवढीच की तो सर्व्हिसला सापडायला हवा.

सोंग किती खरं हवं हे टेस्ट काय विचारतेय त्यावर ठरवतो मी. रोलच बघायचा असेल तर काल्पनिक चालतो. माणसाचा डेटा लागत असेल तर डेटाबेसातला हवा. खुद्द लॉगिनच तपासायचं असेल तर फॉर्म भरणारा हवा, आणि अशा टेस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पुरतात.

---

कंटाळलेला_डेव्ह

एवढी चर्चा कशाला राव. सेटिंगमध्ये एक फ्लॅग ठेवा. फ्लॅग चालू असेल तर ‘/टेस्ट-लॉगिन/?युजर=५’ असा पत्ता मारला की थेट आत. ब्राउझरच्या टेस्टनाही चालतं, ओटीपीची कटकट नाही. आम्ही गेली तीन वर्षं हेच करतो.

---

दारावरची_मावशी

कंटाळलेला_डेव्ह, तीन वर्षं चाललं कारण अजून कुणी फ्लॅग चुकून चालू ठेवला नाही.

मी पूर्वी जिथे होते तिथे ठेवला. खऱ्या सर्व्हरवर नव्हे हे नशीब, पण ग्राहकांना दाखवायच्या डेमो सर्व्हरवर, आणि त्यात खऱ्या डेटाची प्रत होती. कुणीतरी पत्त्यातला आकडा बदलून बघितला. पाचच्या जागी एक. एक नंबरचा युजर सहसा ॲडमिन असतो हे तुम्हाला माहीत आहेच.

असा पत्ता हवाच असेल तर तो ‘इफ’च्या आड ठेवू नका. टेस्टसाठी वेगळी यूआरएल फाइल करा, त्यात मूळची सगळी यादी घ्या आणि हा एक पत्ता वाढवा, आणि टेस्टच्या सेटिंगमधलं ‘रूट_यूआरएलकॉन्फ’ तिकडे वळवा. मग फ्लॅग विसरायचा प्रश्नच उरत नाही, कारण खऱ्या सर्व्हरवर जाणाऱ्या पॅकेजात ती फाइलच नसते.

शेवटची_ओळ, तुमचं ब्राउझरचं दुखणं मी अंगावर काढलेलं आहे, म्हणून एक प्रश्न: त्या १८ टेस्टमध्ये लॉगआउटची टेस्ट आहे का? आणि तिच्या फाइलचं नाव काय?

---

शेवटची_ओळ

आहे. ‘युजर-मेन्यू’ नावाच्या फाइलमध्ये. पण ती तर कायम पास होते.

---

दारावरची_मावशी

तीच मारेकरी आहे, तिला काय होणार.

स्टोरेज-स्टेटच्या फाइलमध्ये काय असतं? कुकी आणि लोकल-स्टोरेज. त्या कुकीत युजर नसतो, सेशनची किल्ली असते. खरं सेशन सर्व्हरवर, डेटाबेसाच्या एका ओळीत. तुमच्या १८ टेस्ट म्हणजे एकाच किल्लीच्या १८ नकला घेऊन हिंडणारी माणसं. त्यातल्या एकीने ‘बाहेर पडा’ दाबलं की जँगो ती ओळच पुसून टाकतं. नकला सगळ्यांच्या हातात तशाच, पण कुलूपच गेलं. ज्या टेस्ट त्या क्षणी अर्ध्यावर होत्या त्या पुढच्या क्लिकला लॉगिनच्या पानावर.

एक वर्कर ठेवला की का चालतं? कारण समांतर चालवणं बंद केलं की प्लेराइट फाइली नावाच्या वर्णानुक्रमाने घेतं. इंग्रजी अक्षरांत ‘युजर-मेन्यू’ पार शेवटाकडे. तोवर बाकीच्या टेस्ट घरी पोचलेल्या असतात. उद्या कुणी त्या फाइलचं नाव बदलून ‘खातं-मेन्यू’ केलं, म्हणजे इंग्रजीत पहिल्याच अक्षराचं, तर एका वर्करवरही सगळं कोसळेल आणि तुमचे लीड सर्व्हरची रॅम वाढवतील.

पासवर्ड बदलायची टेस्ट असेल तर तीही याच टोळीतली. जँगो सेशनमध्ये पासवर्डपासून काढलेला एक हॅश ठेवतं. पासवर्ड बदलला की त्या युजरची बाकीची सगळी सेशन बाद. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे, टेस्टच्या दृष्टीने भूकंप.

लॉगआउट आणि पासवर्ड बदलणं या दोन टेस्टना स्टोरेज-स्टेट देऊच नका. त्यांना स्वतःचा वेगळा युजर आणि स्वतःचं ताजं लॉगिन द्या. बाकीच्या टेस्ट सर्व्हरवरचा डेटा बदलत असतील, म्हणजे अर्ज टाकणं, रद्द करणं, तर प्रत्येक वर्करला वेगळं खातं. प्लेराइट ‘पॅरलल-इंडेक्स’ देतं, त्या आकड्यावरून खातं निवडा. फक्त बघायचं काम असेल तर एकच खातं सगळ्यांना चालेल.

ओटीपी ॲपवाला असेल तर अजून एक खड्डा आहे. त्याचं गुपित सीआयमध्ये ठेवून कोड टेस्टमध्येच काढता येतो, पण कोड साधारणपणे ३० सेकंद तोच राहतो, आणि आरएफसी ६२३८ (अशा कोडचं प्रमाणक) प्रमाणे एकदा चाललेला कोड सर्व्हरने दुसऱ्यांदा घ्यायचा नसतो. दोन ब्रँचच्या पाइपलाइन एकाच वेळी एकाच खात्याने लॉगिन करायला गेल्या की दुसरी बाहेर. तिथेही औषध तेच, वेगळी खाती. सर्व्हरला ‘तोच कोड पुन्हा चालू दे’ असं सांगायचा मोह होतो, तो आवरा.

ती फाइल गिटमध्ये टाकली नाहीत ना? त्यात जिवंत किल्ली असते. आणि तुमचं जावास्क्रिप्ट काही गोष्टी सेशन-स्टोरेजमध्ये ठेवत असेल तर त्या प्लेराइटच्या फाइलमध्ये येत नाहीत, हाताने भराव्या लागतात. सायप्रेस या दुसऱ्या ब्राउझर-टेस्टच्या साधनाचं ‘सेशन’ कुकी, लोकल-स्टोरेज आणि सेशन-स्टोरेज तिन्ही जपतं, म्हणून तिकडून आलेले लोक इथे हमखास अडखळतात.

---

टेस्ट_आजोबा

मावशींनी सगळं सांगितलंच. माझी एक पुरवणी.

ब्राउझरच्या काही टेस्ट जँगोच्याच लाइव्ह-सर्व्हरवर (टेस्टपुरता उभा राहणारा सर्व्हर) चालवता आल्या तर लॉगिनचं पानही लागत नाही आणि गुप्त पत्ताही. टेस्टमध्ये ‘क्लायंट.फोर्स_लॉगिन’ करायचं, क्लायंटकडची ‘सेशनआयडी’ कुकी काढून ब्राउझरच्या खिशात टाकायची. डेटाबेस एकच, त्यामुळे ब्राउझर आत. सेलेनियम असेल तर आधी त्या साइटचं कुठलं तरी पान उघडावं लागतं, नाहीतर ते कुकी घेत नाही. प्लेराइटला ते लागत नाही, पण पायथॉनमधलं सिंक प्लेराइट आणि जँगोचं ओआरएम (डेटाबेसशी बोलणारा भाग) एकत्र आले की जँगो ‘असिंकमधून हे करू नका’ म्हणून अडतं. त्याला ‘जँगो_अलाऊ_असिंक_अनसेफ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यावं लागतं. नावात ‘अनसेफ’ आहे म्हणून घाबरू नकोस, टेस्टपुरतंच ठेव.

आणि मुली, एक विचारतो. त्या ६१२ टेस्टमध्ये युजर कोण कोण असतात?

---

शेवटची_ओळ

आजोबा, उत्तर द्यायला तीन दिवस लागले, कारण तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी मोजायला बसले.

आधी चार टेस्टचं. ‘क्रिएट’ची ती ओळ कुणी लिहिली म्हणून गिट-ब्लेम काढलं. मी. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात. रिव्ह्यूत लीडनी ‘छान’ लिहिलंय. आम्ही दोघं ती कमिट एकत्र बघत बसलो आणि थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

टीम नसलेला कर्मचारी आमच्याकडे असतो. नवीन माणूस रुजू झाला की एचआर खातं उघडतं, आणि टीम बहुतेक दोन-तीन दिवसांनी लागते. मागच्या महिन्यात एचआरकडून तक्रार आली होती, ‘नवीन लोकांना जोडपत्राचं पान उघडत नाही’. आम्ही बघेपर्यंत त्यांना टीम मिळालेली होती आणि पान उघडत होतं. तक्रार ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणून बंद केली होती. ती काल पुन्हा उघडली. व्ह्यूमधली ती एक ओळ दुरुस्त झाली, आणि टीम नसलेला ‘क’ आता टेस्टमध्ये मुद्दाम ठेवलाय. ‘फॉलो=ट्रू’ चारही ठिकाणांहून गेलं.

एमडी५ वाला हॅशर आणि ‘सेटअप_टेस्ट_डेटा’ मिळून १० मिनिटांची साडेपाच झाली. लॉगिनच्या पानाच्या सहा टेस्ट मात्र खरा फॉर्म पोस्ट करतात. त्यातल्या एकीत सीएसआरएफची तपासणी (दुसऱ्या साइटवरून आलेला फॉर्म अडवणारी) मुद्दाम चालू केलीय, कारण टेस्ट-क्लायंट ती एरवी बंद ठेवतो हे मला माहीतच नव्हतं.

लॉगआउटची टेस्ट वेगळ्या खात्यावर नेली, मावशी. तीन वर्करवर चाळीस वेळा चालवली, एकदाही पडली नाही. सर्व्हर तोच आहे, तेवढाच हळू.

आता तुमचा प्रश्न. ६१२ पैकी लॉगिन लागणाऱ्या ५४७. त्यातल्या ४३१ टेस्टमध्ये युजर सुपरयुजर आहे. कुणीतरी सुरुवातीला ‘ॲडमिन’ नावाचं फिक्श्चर (टेस्टसाठी तयार ठेवलेला डेटा) केलं आणि पुढे सगळ्यांनी तेच ओढलं.

---

टेस्ट_आजोबा

४३१! मी निम्म्यापर्यंत धरून होतो.

सक्रिय सुपरयुजरला ‘हॅज_पर्म’ काहीही विचारलं तरी ‘हो’च म्हणतं. परवानगी आहे का ते बघतसुद्धा नाही. म्हणजे त्या ४३१ टेस्टमधून परवानगीच्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या तरी एकही लाल होणार नाही. गंमत म्हणून एका ब्रँचवर करून बघ. लीडना शेजारी बसवून.

ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत मोडकी प्रवेश-मर्यादा पाचव्यावरून पहिल्या क्रमांकावर आली, ती अशाच घरांमधून.

सगळ्या ४३१ बदलायला जाऊ नकोस, जीव जाईल. एक नवी फाइल कर. उभे सगळे पत्ते. आडवे पाच जण: अनामिक, साधा कर्मचारी, त्याचा मॅनेजर, दुसऱ्या टीमचा मॅनेजर, एचआर. प्रत्येक घरात एकच आकडा, २००, ३०२, ४०३ (मनाई) किंवा ४०४ (सापडलं नाही). फोर्स-लॉगिनने पाचही जणांना एकेका पत्त्यावर पाठव आणि आकडा जुळतो का बघ. ‘दुसऱ्या टीमचा मॅनेजर’ हा रकाना आधी भर. लोक रोल तपासतात, पण रोल बरोबर आणि अर्ज दुसऱ्याचा, हे कुणी तपासत नाही.

आणि पुढे कधी जँगोच्या रेस्ट-फ्रेमवर्ककडे (एपीआय बनवायचं साधन) गेलीस तर लक्षात ठेव: तिथलं ‘फोर्स_ऑथेंटिकेट’ तुझ्या हातातलंच युजर-ऑब्जेक्ट रिक्वेस्टवर बसवतं, डेटाबेसातून ताजं आणत नाही. एकदा तपासलेल्या परवानग्या त्या ऑब्जेक्टवर साठून राहतात. टेस्टच्या मध्ये नवी परवानगी दिलीस तरी ४०३ च येतं, आणि माणूस व्ह्यूमध्ये बग शोधत बसतो. ‘रिफ्रेश_फ्रॉम_डीबी’नेही तो साठा जात नाही, युजर नव्याने गेट करावा लागतो. मी दोन दिवस घालवलेत त्यात.

---

शेवटची_ओळ

दुसऱ्या टीमच्या मॅनेजरचा रकाना आज दुपारी भरला. २३ पत्ते. २१ ठिकाणी ४०४, हवं तसं.

दोन ठिकाणी २००. एक म्हणजे कॅलेंडर, त्यात फक्त नावं दिसतात, त्यावर वाद होऊ शकतो. दुसरं म्हणजे जोडपत्र डाउनलोड. आजारपणाच्या रजेला लोक तिथे डॉक्टरांचा कागद जोडतात.

लीडना दाखवलं. त्यांनी स्वतःच्या मशिनवर पुन्हा चालवून बघितलं, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “आजची बाकीची कामं राहू देत.” दुरुस्ती आत्ता रिव्ह्यूला गेलीय. रिव्ह्यूअर मी आहे.